शेअर फोल्डर दिसतोय पण उघडत नाही, एव्हरीवन देऊन पण नाही

शेठ, तुमचा प्रश्न वाचला आणि जरा हसू आलं, राग मानू नका, कारण 'तुमच्या ऑर्गनायझेशनची पॉलिसी अडवते' हाच मेसेज घेऊन मार्केट यार्डातली तीनचार माणसं माझ्याकडे येऊन गेलीत आणि प्रत्येकानं तुमच्यासारखंच विचारलं, "ऑर्गनायझेशन कुठली हो, दुकानात मी आणि दिवाणजी दोघंच!"

आधी मला काय समजलं ते लिहितो, चुकलं तर सांगा. तुमचं हळदीचं आडत दुकान, चार कॉम्प्युटर. केबिनमधल्या विंडोज १० च्या मशीनवर 'हिशोब' फोल्डर शेअर केलाय, पट्ट्या आणि खतावणी सगळं त्यात. विंडोज ७ चं जुनं मशीन त्यावर वर्षानुवर्षं निवांत चालतंय. आता दिवाणजींना विंडोज ११ प्रो घेतलं तर त्यावर फोल्डर दिसतो, क्लिक केलं की ऑर्गनायझेशनची पॉलिसी गेस्ट अ‍ॅक्सेस ब्लॉक करते म्हणून मेसेज. मग पुतण्यानं एव्हरीवनला, म्हणजे सरसकट सगळ्यांना, फुल कंट्रोल दिलं, फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरचा पहारेकरी, बंद केली, नाही झालं. मग हा यूजर टाक, तो यूजर टाक करून बघितलं तर आता वेगळाच एरर, एकाच यूजरची एकापेक्षा जास्त कनेक्शन चालणार नाहीत असा. शिवाय आतला २०१९ चा एक फोल्डर सगळ्याच मशीनवर अ‍ॅक्सेस डिनाइड देतोय. आणि वजनकाट्यावरचं विंडोज एक्सपी मशीन पण जोडायचंय.

म्हणजे हा एक प्रॉब्लेम नाही, चार वेगवेगळे आहेत आणि चारींवर एकच औषध मारलंय. एव्हरीवन फुल कंट्रोल म्हणजे आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातला झंडू बाम, जिथं दुखेल तिथं चोळायचा. पण शेअर फोल्डर उघडताना मशीन आधी विचारतं तू कोण, आणि ते पटल्यावर मग बघतं तुला परवानगी आहे का. तुमचं नवीन मशीन 'तू कोण' यावरच अडकलंय, आणि पुतण्या परवानगी वाढवत बसलाय. दारातच ओळख पटली नाही तर आतल्या खोलीची किल्ली देऊन काय उपयोग.

आता जुनं मशीन का चालतंय ते ऐका, कारण तिथंच सगळी मेख आहे. तुम्ही शेअर फोल्डरवर क्लिक करता तेव्हा विंडोज तुम्हाला न विचारता, तुम्ही ज्या नावानं आणि पासवर्डनं आपल्या मशीनवर लॉगिन केलंय तेच समोरच्या मशीनला गुपचूप सांगून बघतं. समोर त्याच नावाचा आणि त्याच पासवर्डचा यूजर असला तर काही न विचारता दार उघडतं. नाव आहे पण पासवर्ड वेगळा असला तर पासवर्डची खिडकी येते. आणि नावच नसेल, पण समोरच्या मशीनवर गेस्ट चालू असेल तर ते म्हणतं ठीक आहे, पाहुणा म्हणून ये. कुणीतरी कधीतरी तुमच्या केबिनच्या मशीनवर 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' टर्न ऑफ केलेलं असणार, त्यानं हा गेस्टच चालू होतो. म्हणजे इतकी वर्षं तुमचं जुनं मशीन पाहुणा म्हणून आत जात होतं, आणि तुम्हाला वाटत होतं नेटवर्क व्यवस्थित लावलंय.

विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून, म्हणजे २०२४ पासून, प्रो वाल्या मशीननी हे पाहुणा प्रकरण बंद केलं. समोरच्यानं पाहुणा म्हणून घ्यायची तयारी दाखवली तरी हे स्वतःच जात नाही, कारण पाहुण्याच्या कनेक्शनला सही, म्हणजे मधे कुणी फेरफार केला नाही याची खूण, नसते आणि या व्हर्जनला सही पाहिजेच असते. म्हणजे नाही म्हणतंय ते दिवाणजींचं मशीन, केबिनचं नाही. म्हणून तुम्ही केबिनच्या मशीनवर परवानग्या कितीही वाढवल्या तरी फरक पडणार नाही. मेसेजमधली ऑर्गनायझेशन म्हणजे विंडोजची स्वतःची डिफॉल्ट सेटिंग, बाकी कोण नाही.

ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, 'इनसिक्युअर गेस्ट लॉगऑन' परत चालू करायची सोय आहे, सहीची सक्ती पण काढता येते, आणि यूट्यूबवर सगळे तेच दाखवतात. करू नका. पाच मिनिटांत फोल्डर उघडेल हे खरं, पण मग केबिनच्या मशीनवरचा गेस्ट तसाच चालू राहतो, म्हणजे तुमच्या वायफायवर येणारा प्रत्येक मोबाईल, प्रत्येक लॅपटॉप तुमच्या खतावणीत पाहुणा. सौद्याच्या दिवशी दुकानात किती लोक वायफायचा पासवर्ड मागतात ते तुम्हीच आठवा.

करायचं ते साधं आहे. केबिनच्या मशीनवर एक नवीन लोकल यूजर, म्हणजे त्याच मशीनपुरता यूजर, बनवायचा, नाव समजा 'वही', त्याला बऱ्यापैकी पासवर्ड. हा यूजर कुणी समोर बसून लॉगिन करायला नाही, फक्त नेटवर्कवरनं आत यायला. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स मधनं बनवा, ते मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागत राहील, तिथं साइन-इन माहिती नाही म्हणायचं आणि पुढे मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय यूजर अ‍ॅड करा म्हणून पर्याय येतो तो घ्यायचा. मग पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग परत चालू करायचं. मग दिवाणजींच्या मशीनवर नेटवर्क ड्राइव्ह मॅप करताना, म्हणजे शेअर फोल्डर ड्राइव्हसारखा जोडताना, 'वेगळ्या क्रेडेन्शियलनं (नाव-पासवर्डनं) जोडा' वर टिक करून यूजरनेमच्या जागी आधी केबिनच्या मशीनचं नाव, मग उलटा स्लॅश, मग 'वही' असं टाका. नुसतं 'वही' टाकलं तरी बहुतेक वेळा चालतं, पण नाव लावलं की गोंधळाला जागाच नाही. जुन्या विंडोज ७ वर पण हेच करा, कारण गेस्ट बंद झाला की त्याचीही पाहुणचाराची सोय गेली.

इथं दोन खड्डे आहेत, दोन्हीत मी स्वतः पडलोय.

पहिला, पिन. दिवाणजी रोज सकाळी चार आकडी पिन टाकून मशीन चालू करतात, मग शेअरला पासवर्ड मागितला की तोच पिन टाकतात आणि चुकीचा म्हणून येतं. पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवरनं तो कधीच चालत नाही. आणि यूजर मायक्रोसॉफ्ट अकाउंटवाला असेल तर तिथं पूर्ण ईमेल आणि त्या ईमेल अकाउंटचा पासवर्ड लागतो, जो कुणाच्याच लक्षात नसतो, कारण मशीन घेताना कॉम्प्युटरच्या दुकानातल्या पोरानंच तो बनवून दिलेला असतो. म्हणून म्हणतो वेगळा लोकल यूजर बनवा आणि मोकळे व्हा.

दुसरा खड्डा मजेशीर आहे. मी कमांडवाला माणूस, यूजर बनवायला मला 'नेट यूजर' कमांड सोपी वाटते. सांगलीजवळ कुपवाडला एका कारखान्यात असाच यूजर बनवून दिला, सगळं झकास, चहा पिऊन आलो. दीड महिन्यानं सकाळी सव्वानऊला फोन, एकही मशीन शेअरला लागत नाही, सगळे हात बांधून बसलेत. गेलो, स्विच बघितला, वायर बघितल्या, राउटर बंद चालू केला, तासभर घालवला. नंतर लक्षात आलं, कमांडनं बनवलेल्या लोकल यूजरचा पासवर्ड ४२ दिवसांनी एक्सपायर होतो, डिफॉल्टच तसं आहे, आणि हा यूजर कुणी समोर बसून वापरत नसल्यामुळं 'पासवर्ड बदला' ही सूचना कुणाला दिसतच नाही. तेव्हापासून कमांडनं यूजर बनवला की लगेच 'नेट अकाउंट्स' कमांडनं मॅक्सपीडब्ल्यूएज, म्हणजे पासवर्डची मुदत, अनलिमिटेड करून टाकतो. प्रो व्हर्जन असेल तर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये त्या यूजरवर 'पासवर्ड नेव्हर एक्सपायर्स' ची टिक पण चालते, होममध्ये ती खिडकी नसते.

आता तो एकापेक्षा जास्त कनेक्शनवाला एरर, नंबर १२१९. हा तुमच्या पुतण्याच्या खटपटीतनं आलाय. विंडोजचा नियम असा की एका मशीनवरनं एका सर्व्हरकडं, इथं केबिनच्या मशीनकडं, एका वेळी एकाच नावानं जायचं. एकदा 'अ‍ॅडमिन' म्हणून कनेक्शन झालं, भले ते अर्धवट असेल, की दुसऱ्या ड्राइव्हला 'वही' म्हणून जाता येत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसतं 'नेट यूज' मारा, काय काय जोडलेलं आहे ते दिसेल. मग 'नेट यूज', पुढे स्टार, पुढे स्लॅश डिलीट, म्हणजे सगळी तुटतील. मग कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये केबिनच्या मशीनच्या नावानं किंवा आयपीनं, म्हणजे त्याच्या नेटवर्कवरच्या आकडी पत्त्यानं, जुनं काही सेव्ह असेल ते काढून टाका, हे विसरू नका, कारण तिथं जुना पासवर्ड बसलेला असला तर तुम्ही बाहेर कितीही बरोबर केलं तरी तो मागच्या दारानं तोच पाठवत राहतो. त्यानंतर एकदा रिस्टार्ट. नुसतं तपासायचं असेल तर नावाऐवजी आयपीनं जाऊन बघा, विंडोजला तो वेगळा सर्व्हर वाटतो आणि १२१९ येत नाही, पण ही पळवाट आहे, कायमची ठेवू नका.

परवानगीवर येतो, कारण तो २०१९ चा फोल्डर खरंच परवानगीचाच प्रॉब्लेम आहे. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग आणि सिक्युरिटी असे दोन टॅब असतात आणि नव्वद टक्के घोळ या दोघांच्या मधे होतो, टक्के माझ्या मनाचे आहेत, पण अनुभव तोच. शेअरिंग म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा, सिक्युरिटी म्हणजे आतल्या प्रत्येक खोलीचं कुलूप. नेटवर्कवरनं येणाऱ्याला दोन्ही पार करायला लागतात आणि दोघांत जे कडक असेल तेच चालतं. त्याच मशीनसमोर बसून उघडणाऱ्याला फक्त खोलीचं कुलूप, म्हणून कधीकधी तिथं उघडतं आणि नेटवर्कवरनं नाही. उलट केस पण बघा: फाईल उघडतेय, वाचता येतेय, पण सेव्ह केलं की डिनाइड. तिथं सिक्युरिटीत सगळं दिलेलं असतं, पण अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये डिफॉल्टला एव्हरीवन फक्त रीड असतं, ते कुणी बदललेलंच नसतं. आणि डिनाय ची टिक कुठं मारू नका, बाकी कितीही अलाऊ दिलं तरी त्याच फोल्डरवर मारलेला एक डिनाय सगळ्यांवर भारी पडतो.

मी काय करतो, शेअरिंगमधनं एव्हरीवन काढतो, 'वही' ला चेंज, म्हणजे वाचायचा-बदलायचा हक्क, देतो, आणि सिक्युरिटीत 'वही' ला तसाच मॉडिफाय. फुल कंट्रोल नाही. फुल कंट्रोल म्हणजे परवानग्या बदलायचा पण हक्क, तो खतावणी लिहिणाऱ्याला कशाला पाहिजे.

तर २०१९ चा फोल्डर. तुम्ही लिहिलंय की दिवाणजींनी तो 'जुनं' नावाच्या फोल्डरमधनं कट करून 'हिशोब' मध्ये पेस्ट केला. दोन्ही डी ड्राइव्हवर असणार. इथं विंडोजची एक जुनी खोड आहे: कॉपी केलं किंवा दुसऱ्या ड्राइव्हवरनं आणलं तर फोल्डर नव्या जागेच्या परवानग्या घेतो, पण त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं तर जुन्या परवानग्या कडेवर घेऊनच येतो. घर बदललं पण कुलूप जुनंच. त्या फोल्डरच्या सिक्युरिटीत अ‍ॅडव्हान्स्ड मध्ये जाऊन बघा, वरच्या फोल्डरकडनं वारसा घ्यायचं बटण असतं, एनेबल इनहेरिटन्स, ते दाबा, आणि खालची आतल्या सगळ्याला लागू करायची टिक मारा. तिथंच इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस नावाचा टॅब आहे, त्यात 'वही' निवडलं की त्याला नक्की काय काय करता येतं ते विंडोज स्वतः सांगतं, हा टॅब कुणी उघडतच नाही राव.

पण मला शंका वेगळीच आहे, हा फोल्डर मूळचा दुसऱ्याच मशीनवरचा असावा, कारण २०१९ म्हटलं की आम्हा सांगलीकरांना पूरच आठवतो. ऑगस्टमधल्या त्या महापुरानंतर गणपती पेठेतल्या एका दुकानाचा सीपीयू माझ्याकडे आला होता, उघडला तर पंख्यात गाळ आणि पॉवर सप्लायमध्ये हळदीसारखा पिवळा चिखल. बोर्ड गेला होता, हार्डडिस्क मात्र वरच्या खणात असल्यामुळं वाचली. ती पुसून वाळवून दुसऱ्या मशीनला लावली तर सगळे फोल्डर दिसतात आणि एकही उघडत नाही. मालकाच्या तोंडचं पाणीच पळालं. झालेलं एवढंच की फोल्डरवर मालक म्हणून जुन्या मशीनवरचा यूजर लिहिलेला असतो, नावानं नाही तर एका लांब नंबरानं, आणि नवीन मशीनला तो नंबर ओळखीचा नसतो. सिक्युरिटीत नावाच्या जागी एस-१-५-२१ पासून सुरू होणारी आकड्यांची आगगाडी दिसली की समजायचं, हा परगावचा मालक आहे. तुमच्यात तसं दिसत असेल तर आधी अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ओनर बदला, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स करा, सबफोल्डरना पण लागू करायची टिक मारा, ओके करून बाहेर या, परत आत जाऊन मग परवानग्या द्या. आणि हे त्या एका फोल्डरवरच करा. पूर्ण सी ड्राइव्हचा ओनर बदलून विंडोज मोडून आणलेले दोन महाभाग मी बघितलेत.

फायरवॉल कृपा करून परत चालू करा. तुम्हाला फोल्डर दिसत होता, मेसेज येत होता, म्हणजे फायरवॉल आडवी नव्हतीच. फायरवॉल किंवा वायरिंगचा प्रॉब्लेम असला की एरर वेगळा येतो, नेटवर्क पाथ नॉट फाउंड, नंबर ५३, किंवा ८००७००३५ नं संपणारा लांबलचक कोड. तसं कधी आलं तर पहिल्यांदा नेटवर्क प्रोफाइल बघा, नवीन मशीन पहिल्यांदा जोडलं की विंडोज ते पब्लिक धरतं आणि शेअरिंग झाकून टाकतं, ते प्रायव्हेट करायचं. मग दोन्ही मशीनचे आयपी बघा. फायबरवाल्यानं दिलेला एक राउटर आणि माडीवर रेंज पोचत नाही म्हणून तुम्ही आणलेला दुसरा, असं असलं की खालचं मशीन १९२.१६८.१ च्या घरात आणि वरचं १९२.१६८.० च्या, दोघांना इंटरनेट येतंय म्हणून कुणाला शंका येत नाही. दुसऱ्या राउटरची वायर वॅन (बाहेरून इंटरनेट येतं त्या) च्या भोकातनं काढून लॅन (आतल्या मशीनच्या) मध्ये लावा आणि त्याचा डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटायचं काम, बंद करा, बस. गेस्ट वायफायवर असाल तर तिथं मशीन एकमेकांना दिसतच नाहीत. आणि पिंगला, म्हणजे 'आहेस का' या हाकेला, उत्तर येत नाही म्हणजे मशीन बंद आहे असं समजू नका, फायरवॉल पिंग अडवते. खरं तपासायचं तर ४४५ पोर्ट, म्हणजे शेअरिंग ज्या दारातनं चालतं ते, पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड आहे, तिला आयपी आणि पोर्ट द्या, ट्रू आलं तर रस्ता मोकळा. केबिनच्या मशीनचा आयपी राउटरमध्ये पक्का करून ठेवा, आणि ते मशीन स्लीपला जात नाही एवढं बघा, दुपारी जेवणानंतर येणारे निम्मे फोन त्याचेच असतात.

काट्यावरचं एक्सपी. याचं उत्तर नाही असं आहे. एक्सपीला फक्त एसएमबी १ येतं, शेअरिंगची जुनी भाषा, आणि विंडोज १० नं ती २०१७ च्या शेवटी डिफॉल्टमधनं काढून टाकली. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भोकातनं. आता एका काट्यासाठी केबिनच्या मशीनवर ते परत चालू करायचं म्हणजे खतावणीच्या खोलीची भिंत पाडायची. काट्याची वजनं दिवसाला एक पेनड्राइव्ह फिरवून आणा, नाहीतर तेवढं मशीन बदला, जुनं विंडोज १० चं मशीन स्वस्तात मिळतं. विंडोज ७ ला मात्र एसएमबी १ लागत नाही, कुणी सांगितलं तरी ऐकू नका, त्याला पुढची भाषा येते. तुमचं केबिनचं विंडोज १० पण ऑक्टोबर २०२५ ला अपडेटमधनं उतरलंय, ते पुढच्या सीझनला बघूच.

एक राहिलं. पुढे मशीन वाढवाल तर एकाच्या हार्डडिस्कची घोस्ट, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून दुसऱ्यात टाकलेली घेऊ नका. आमच्या धंद्यात सर्रास करतात, मी पण केलंय, पाच मशीन एका दुपारी तयार होतात. पण त्यात मशीनचा आतला ओळख नंबर पण कॉपी होतो, आणि २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या अपडेटनंतर विंडोज ११ ची नवीन व्हर्जन एकसारख्या नंबरची दोन मशीन बघितली की लॉगिनच नाकारतात, यूजर बरोबर पासवर्ड बरोबर तरी नाही. घोस्ट काढायच्या आधी सिसप्रेप, म्हणजे हा ओळख नंबर पुसणारं विंडोजचंच टूल, मारलेलं असेल तर अडचण नाही, नाहीतर विंडोज नव्यानं टाकायला सांगा.

आता एवढं करा, आणि तरी अडलं तर दिवाणजींच्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमधनं 'नेट यूज' पुढे केबिनच्या मशीनचा पूर्ण पाथ आणि यूजर देऊन जोडून बघा, खिडकीतला मेसेज लांबलचक आणि मोघम असतो, इथं नेमका नंबर येतो. ५३ आला तर रस्ता, ८६ किंवा १३२६ आला तर नाव-पासवर्ड, १२१९ म्हणजे जुनं कनेक्शन अजून लोंबकळतंय, १२७२ म्हणजे अजून पाहुणाच चाललाय, आणि ५ आला तर ओळख पटली, परवानगी कमी पडतेय. तो नंबर आणि त्या २०१९ च्या फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबचा फोटो पाठवा, शनिवारी यार्डात येणारच आहे, तोवर पुतण्याला म्हणावं कशाला हात लावू नको.